'वेस्टर्न फ्लायर' : एका बुडालेल्या बोटीचा जमाखर्च

जुनी वस्तू दुरुस्त करावी की भंगारात द्यावी, हा प्रश्न कष्टकऱ्यांच्या घरात नवा नाही. शिवणयंत्र असो, सायकल असो, नाहीतर वडिलांच्या वेळची लोखंडी ट्रंक असो. कारागीर म्हणतो, "एवढ्या पैशात नवी येईल." घरातले म्हातारे माणूस म्हणते, "टाकू नका." आणि दोघांचेही खरे असते! नेमका हाच प्रश्न अमेरिकेत एका जुन्या मोटरबोटीबाबत उभा राहिला. बोट साधी, मासे पकडायची. पण ती वाचवायची तर खर्च कोट्यवधी रुपयांचा होता. त्या बोटीची हकीकत आपल्या वाचकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. कारण ती ज्याच्यामुळे प्रसिद्ध झाली तो जॉन स्टाइनबेक हा शेतमजुरांची दुःखे लिहिणारा लेखक होता.

बोटीचे नाव 'वेस्टर्न फ्लायर'. वॉशिंग्टन राज्यातील टकोमा या बंदरात, वेस्टर्न बोट बिल्डिंग कंपनीच्या गोदीत १९३७ साली ती बांधली गेली. लांबी सुमारे ७७ फूट, बांधणी सगळी लाकडाची, आत १६५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन. काम सार्डिन पकडण्याचे. सार्डिन म्हणजे आपल्याकडच्या तारलीच्या जातीचा मासा. माशांच्या थव्याभोवती मोठे जाळे गोल टाकायचे आणि बटव्याचे तोंड आवळावे तशी खालची दोरी आवळायची, अशी ही पद्धत. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बंदरात हे मासे उतरत आणि तिथल्या कारखान्यांत डबाबंद होत. मासेमारीत इटलीतून, विशेषतः सिसिली बेटावरून आलेली स्थलांतरित कुटुंबे बरीच होती. कारखान्यांत बायका मोठ्या संख्येने काम करीत. बोट आली की कारखान्याची शिटी वाजे, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की पहाटेचे चार, उठून कामाला जावे लागे. प्रत्येक कारखान्याची शिटी वेगळी. गिरणगावात ज्यांचे आयुष्य भोंग्यावर गेले त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

आता स्टाइनबेकविषयी. जन्म १९०२ सालचा, गाव सॅलिनस. हे गाव मॉन्टेरेपासून जवळच, पण समुद्रापासून आत, शेतीच्या खोऱ्यात. १९३९ साली त्याची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी आली. ओक्लाहोमा भागातील दुष्काळाने आणि कर्जाने जमिनी गेलेली कुटुंबे मोडक्या मोटारीत संसार भरून कॅलिफोर्नियाला फळे तोडायला जातात आणि तिथे त्यांना माणूस म्हणूनही वागवले जात नाही, अशी ती कथा. बडे बागाईतदार खवळले. कर्न परगण्याच्या अधिकाऱ्यांनी शाळांतून आणि ग्रंथालयांतून पुस्तकाला बंदी घातली आणि त्याची प्रत जाळण्यातही आली. पुढे १९६२ साली याच लेखकाला नोबेल पारितोषिक मिळाले, ही गोष्ट वेगळी. कादंबरीचे नाव त्याची पत्नी कॅरोल हिने सुचवले होते आणि हस्तलिखित टंकलिखित करण्याचे कामही तिनेच केले होते. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

कादंबरीवरून उठलेल्या गदारोळाला कंटाळून स्टाइनबेक आपल्या मित्राबरोबर समुद्रावर जायला निघाला. मित्र म्हणजे एड रिकेट्स. मॉन्टेरेच्या कारखान्यांच्या रांगेतच त्याची छोटी प्रयोगशाळा होती. समुद्रकाठचे जीव गोळा करून शाळा-महाविद्यालयांना पुरवणे हा त्याचा व्यवसाय. सार्डिनचा हंगाम संपून बोटी रिकाम्या उभ्या होत्या. टोनी बेरी या कप्तानाने आपली 'वेस्टर्न फ्लायर' भाड्याने द्यायचे कबूल केले. ११ मार्च १९४० ला बोट निघाली आणि मेक्सिकोच्या किनाऱ्याने कॅलिफोर्नियाच्या आखातात सुमारे ४,००० मैल फिरून २० एप्रिलला परत आली. ओहोटीच्या वेळी खडकांत, चिखलात उतरून त्यांनी ५०० हून अधिक जातींचे जीव गोळा केले. डिसेंबर १९४१ मध्ये 'सी ऑफ कॉर्टेझ' हे पुस्तक दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले.

या सफरीतून आणखी एक गोष्ट निघाली. ला पाझ या गावी स्टाइनबेकने एका गरीब आदिवासी मुलाला सापडलेल्या मोठ्या मोत्याची कहाणी ऐकली. तीवरून त्याने 'द पर्ल' ही छोटी कादंबरी लिहिली, ती १९४७ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यात मोती काढणाऱ्या कीनोच्या तान्ह्या मुलाला विंचू चावतो. आईबाप मूल घेऊन गावातल्या डॉक्टरच्या दारात जातात. डॉक्टर गोऱ्या राज्यकर्त्यांच्या वंशाचा. हे मूलनिवासी, त्यात खिशात पैसा नाही. डॉक्टर घरी असूनही भेटत नाही आणि दार बंद होते. पुढे कीनोला मोती सापडल्याची बातमी पसरते तेव्हा तोच डॉक्टर आपण होऊन त्याच्या झोपडीत येतो. हे दार आपल्या वाचकांच्या ओळखीचे आहे. मेक्सिको कुठे आणि आपले खेडे कुठे, पण दाराची कडी सारखीच वाजते!

तर अशी ही बोट. पण बोटीला काय ठाऊक आपण प्रसिद्ध आहोत म्हणून? परत आल्यावर ती पुन्हा कामाला लागली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मॉन्टेरेचे सार्डिन संपले. अतोनात मासेमारी हे त्याचे एक मोठे कारण होते आणि रिकेट्स हे आधीपासून सांगत होता. मासे गेले कुठे, असे लोक विचारीत तेव्हा ते डब्यांत गेले, असे त्याचे उत्तर असे. १९४८ साली रेल्वे फाटकावर त्याच्या मोटारीला गाडीची धडक बसली आणि तो गेला. बोट उत्तरेला सरकली. तिथे दुसरे मासे आणि पुढे अलास्कात खेकडे पकडू लागली. मालक बदलत गेले. १९७०च्या सुमारास तिचे नावही बदलून 'जेमिनाय' झाले. १९७१ साली ती अलास्कात खडकावर आपटून बुडाली, वर काढली गेली, पुन्हा कामाला लागली. कष्टकरी माणसाचे असेच असते. आजारातून उठला की दुसऱ्या दिवशी पाळीवर हजर!

जुन्या खलाशांपैकी एकाच्या पुतण्याने बिनतारी संदेशाच्या तिच्या नोंदणी क्रमांकावरून माग काढत ती शोधून काढली. तिला मॉन्टेरेला न्यावे ही त्याची इच्छा. पण २०१० साली बोट घेतली ती एका बांधकाम व्यावसायिकाने. त्याचा बेत असा होता की, बोट कापून तुकडे सॅलिनसला न्यायचे, तिथे एका हॉटेलच्या आत ती पुन्हा उभी करायची, भोवती पाणी खेळवायचे आणि गिऱ्हाइकांना जेवायला बसवायचे! बेत तसाच राहिला. बोट वॉशिंग्टन राज्यात एका खाडीत पुलाखाली बांधून ठेवलेली होती. सप्टेंबर २०१२ मध्ये ती तिथेच बुडाली. वर काढली, तर जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा बुडाली आणि जूनपर्यंत पाण्याखालीच राहिली. शेवटी चिखलाने माखलेले ते धूड पोर्ट टाउनसेंड या गावच्या गोदीत आणून ठेवले गेले.

आता प्रश्न आला. हिचे करायचे काय?

माझे शिक्षण बी.कॉम., नोकरी कारकुनाची. त्यामुळे कोणतीही गोष्ट आधी खतावणीत घालून पाहण्याची खोड आहे. ७५ वर्षांच्या लाकडी बोटीवर दरसाल घसारा धरला तर पुस्तकी किंमत केव्हाच शून्य झालेली. भंगार किंमत म्हणाल, तर कुजक्या लाकडाला भंगारवाला पैसे देत नाही, उलट उचलायचे पैसे मागतो. तरीही २०१५ साली जॉन ग्रेग या भूशास्त्रज्ञाने ती दहा लाख डॉलरला विकत घेतली. त्या वेळच्या दराने सहा कोटी रुपयांहून अधिक. हे पैसे लाकडाचे नव्हेत, इंजिनाचे नव्हेत. व्यापारी ज्याला गुडविल म्हणतात ते हे. आणि हे गुडविल कमावले कोणी? लेखकाने, शास्त्रज्ञाने आणि खलाशांनी. त्याचे पैसे कोणाच्या पदरात पडले ते वाचकांनीच पाहावे.

दहा लाख तर नुसती खरेदी. दुरुस्तीचा खर्च त्याच्या कितीतरी पट पुढे जाणार हे उघड होते. एवढ्या पैशात तशीच नवी बोट बांधता आली असती, असे कोणीही व्यवहारी माणूस म्हणेल. आणि नवी बोट म्हणजे नवे लाकूड, नव्या फळ्या, निर्धास्त काम. आणखी एक आक्षेप आपल्यासारख्यांच्या मनात लगेच येतो. जगात पोटाला अन्न नसलेली माणसे असताना एका होडक्यावर एवढा पैसा? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. पण त्याचे उत्तर 'दुरुस्ती करावी की नाही' यात नसून 'दुरुस्त करून तिचे पुढे काय करणार' यात आहे, असे मला वाटते. ती हॉटेलात गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी उभी राहणार असेल तर एक डॉलरही जास्तच. ती परत समुद्रावर जाऊन कोणाला काही शिकवणार असेल, तर मग वही पुन्हा उघडली पाहिजे.

ग्रेग यांनी लहानपणी त्या सफरीचे पुस्तक वाचले होते. बोट संग्रहालयात मांडून ठेवायची नाही, तर ती तरती प्रयोगशाळा व्हावी, मुलांनी तीवर चढून समुद्रातले जीव पाहावेत, असे त्यांनी ठरवले आणि त्यासाठी संस्था स्थापन केली. हे एकदा ठरल्यावर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटले. संग्रहालयात ठेवायची असती तर कुजकी फळीही जशीच्या तशी ठेवता आली असती, तिला औषध लावले असते आणि खाली पाटी लावली असती. मुलांना घेऊन समुद्रात जायचे म्हटल्यावर कुजकी फळी चालत नाही. शिवाय लाकडी बोट कोरड्या जागी फार काळ ठेवली तर लाकूड आकसते आणि फळ्यांच्या फटी उघडतात. पाण्यात असेल तरच फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरतात. म्हणजे लाकडी बोटीला कामावर असणे हेच मानवते.

अशा बोटीची तपासणी कशी करतात तेही सांगण्यासारखे आहे. कारागीर टोच्याने लाकूड टोचून पाहतो. टोच्या सहज आत गेला की ते लाकूड संपले. मग लाकडी हातोडीने ठोकतो. चांगले लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले बद्द आवाज करते, माठ घेताना आपण वाजवून पाहतो तसेच. गंमत अशी की, समुद्राचे खारे पाणी लाकडाचा तेवढा घात करीत नाही जेवढा पावसाचे गोडे पाणी करते. डेकच्या फटीतून झिरपलेले पावसाचे पाणी आतल्या कोपऱ्यात साचते, हवा लागते, बुरशी धरते आणि लाकूड आतून भुसभुशीत होते. जोडीला लोखंडी खिळे गंजतात आणि आपल्या भोवतीचे लाकूडही खातात. वरून रंग मारलेला असतो, त्यामुळे बाहेरच्याला सगळे ठीक दिसते.

दुसरी अडचण आकाराची. म्हातारी बोट दोन्ही टोकांना खाली झुकते, मध्ये उचलल्यासारखी दिसते. सगळा सांगाडा एकदम उकलला तर मूळ आकार कायमचा हरवतो. म्हणून आधी मापे घ्यायची, बाहेरून टेकू द्यायचे आणि मग बरगड्या थोड्या थोड्या करून बदलायच्या, नवी बरगडी शेजारच्या जुनीच्या आधाराने बसवायची. त्यावर फळ्या. फळ्यांच्या फटींत कापूस ठासून वरून लुकण भरायचे. हे काम घाईचे नाही. पोर्ट टाउनसेंडला ते ज्यांनी केले ती बोट बांधणाऱ्या कामगारांचीच सहकारी संस्था आहे. मालक तेच, कारागीरही तेच. या हकीकतीतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. एका धनिकाच्या हौसेचा पैसा का असेना, तो ठेकेदाराच्या खिशात न जाता हत्यार धरणाऱ्या हातांत गेला.

काम काही वर्षे चालले. बोटीचा तळ, बरगड्या, फळ्या असे मिळून सांगाड्याचे सुमारे नऊ-दशांश लाकूड नवे घालावे लागले. डेकवरची खोली बरीचशी जुनी राहिली. जुने इंजिन तर केव्हाच गेलेले होते. आता तिच्यात डिझेल आणि वीज अशी जोड यंत्रणा बसवली आहे, म्हणजे समुद्रात शांतपणे, आवाज न करता हळू चालता यावे.

मग लोकांनी विचारले, नऊ भाग नवे आणि एक भाग जुना, तर ही तीच बोट कशी?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालयाची पायरी ज्यांनी चढली आहे त्यांना तर नाहीच नाही. बाबासाहेबांनी ज्या राजाचे आणि ज्या भिक्खूचे नाव तिथे दिले त्या दोघांमध्ये याच विषयावर संवाद झाला होता. भदन्त नागसेनांनी राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयी विचारले. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? शेवटी राजालाच म्हणावे लागते की, हे सगळे भाग एकत्र आल्यावर व्यवहारासाठी आपण त्याला रथ म्हणतो. आणखी एक दाखला त्याच ग्रंथात आहे, रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? तीच म्हणता येत नाही, दुसरीही म्हणता येत नाही. एकीच्या आधारानेच दुसरी पेटत आली. बोटीला मला हा दिव्याचा दाखला अधिक लागू वाटतो. जुन्या बरगडीच्या आधाराने नवी बसवली, त्या नवीच्या आधाराने पुढची. नुसत्या नकाशावरून नवी बोट बांधली असती तर हा धागा तुटला असता. दुरुस्ती आणि नक्कल यांत फरक आहे तो हा. खर्च जास्त का झाला, त्याचेही उत्तर यातच आहे.

अर्थात, फळ्या जपल्या म्हणून सगळे जपले असे नाही. बोटीवर त्या सफरीत सात माणसे होती. स्टाइनबेक, रिकेट्स, कप्तान बेरी, इंजिनाकडे पाहणारा टेक्स ट्रॅव्हिस, स्पार्की एनिया आणि टायनी कोलेटो हे दोन खलाशी आणि सातवी कॅरोल. सफरीचा खर्च पती-पत्नीच्या कमाईतून झालेला. पण सफरीचे ते पुस्तक उघडून पाहिले तर बोटीवर सहाच माणसे आहेत. ज्या बाईने 'ग्रेप्स ऑफ रॉथ'ला नाव दिले, तिचे नाव या पुस्तकात नाही! दोघांचे पुढे पटले नाही आणि १९४३ साली घटस्फोट झाला, हे खरे. पण ४० दिवस एकाच बोटीवर होती ती माणसातून कशी वजा होईल? रिकेट्सचेही तेच. प्रवासवर्णनाचा बराच भाग त्याच्या रोजनिशीवरून लिहिलेला, कारण स्टाइनबेकने रोजनिशी ठेवलीच नव्हती. रिकेट्सच्या मृत्यूनंतर १९५१ साली तो भाग वेगळा छापला तेव्हा मुखपृष्ठावर स्टाइनबेक एकटाच उरला. रिकेट्सवर एक सुंदर लेख आत घातला, पण लेखक म्हणून त्याचे नाव गेले. गरिबांविषयी एवढे लिहिणाऱ्याच्या हातून हे घडले. लेखक मोठा असला तरी हिशेब हिशेबाच्या जागी मांडावाच लागतो.

बोटीचे लाकूड कुजले ते सुताराने शोधून काढले, बदलले. पुस्तकातली ही वजाबाकी अभ्यासकांनी पुढे शोधून काढली आणि आज कॅरोलचे नाव या सफरीच्या इतिहासात घेतले जाते. त्यासाठी दहा लाख डॉलर लागले नाहीत. कप्तानाचे टिपण, रिकेट्सची रोजनिशी, खलाशांच्या आठवणी एकमेकांशी ताडून पाहणारी माणसे लागली.

२९ जून २०२२ रोजी 'वेस्टर्न फ्लायर' पोर्ट टाउनसेंडला पुन्हा पाण्यात उतरली. त्यानंतर यंत्रणा बसवण्याचे काम झाले आणि ४ नोव्हेंबर २०२३ ला ती मॉन्टेरेच्या बंदरात शिरली. आता तिचा मुक्काम जवळच्याच मॉस लँडिंग या मासेमारी बंदरात असतो. तिथून सॅलिनसचे खोरे मोटारीने थोड्या अंतरावर. त्या खोऱ्यात आजही भाजीपाल्याच्या शेतांत वाकून काम करणाऱ्या मजुरांची वस्ती आहे, त्यांतले कितीतरी मेक्सिकोतून आलेले, कीनोच्याच मुलखातले. त्यांची किती मुले त्या बोटीच्या शिडीवर चढतात, हा आकडा मी त्या वहीत पहिल्यांदा पाहीन.